शुद्धीत भुंकणं

आयुष्यात एकदा मी भर दिवसा, गावभर माणसांसमोर, गळ्यात पट्टा बांधून आणि चार पायांवर येऊन भुंकलो आहे. नोकरीत असेपर्यंत ही गोष्ट मी साहेबांना कळू दिली नाही. आता निवृत्त झालोय, कोण काय वाकडं करणार?

आमचं गाव होटगीच्या पलीकडे, अर्धं मराठी, अर्धं कानडी. चंपाषष्ठीला आमच्या खंडोबापुढं पाच घरांतला एकेक पुरुष वाघ्या होतो, म्हणजे देवाचं कुत्रं. काळं कांबळं पांघरायचं, हातागुडघ्यांवर यायचं, भुंकायचं आणि लाकडी दोणीत कालवलेला दूध-रोडगा हात न लावता तोंडानं खायचा. कुत्री पाच, दोणी एक. मग रेटारेटी होणारच, आणि ती बघायलाच माणसं लोटायची. आमच्या घरचं कुत्रं म्हणजे आप्पा, माझे वडील.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आप्पांचा उजवा गुडघा तेव्हा पार कामातून गेला होता. यापुढे त्याच्यावर भार टाकलात तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पा मला म्हणाले, "औंदा तू बस." मी शहरात, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून. टेरिलिनची पँट घालणारा, साहेबांशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलणारा. मी आढेवेढे घ्यायला लागलो. आप्पा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मग मीच बसतो की." ते धमकी देत नव्हते. बोललेलं करायची त्यांना वाईट खोड होती.

कचेरीतल्या एका मित्राजवळ मी रडगाणं गायलं. तो म्हणाला, "दोन ग्लास मारून जा. लाज कुठल्या कुठं पळते." सल्ला मला फारच शास्त्रशुद्ध वाटला. त्या दिवशी गावाच्या वाटेवर एका झोपडीत मी दोनाचे तीन ग्लास केले आणि वर वेलदोडा घातलेला विडा चघळत, कुणाच्या बापाला न भिता देवळापुढं हजर झालो.

पाचांत सगळ्यात जुना वाघ्या म्हणजे सत्तरीतला एक धनगर. त्याच्या डाव्या कानाला पाळी नव्हती. आम्हाला पट्टे बांधून झाल्यावर तो ओळीनं प्रत्येकाजवळ आला आणि तोंडाला नाक लावून हुंगायला लागला. मला वाटलं, खेळ सुरू झाला. तो माझ्यापाशी आला तेव्हा मीही मान पुढं करून त्याला जोरात हुंगलं. माणसं खदाखदा हसली. म्हातारा हसला नाही.

"विड्याखाली काय हाय रं?"

"काही नाही."

"ब्याड!" तो कानडीत ओरडला. "नको! काढ पट्टा." मग त्यानं कान माझ्या डोळ्यांपुढं धरला. "ही पाळी कुणी तोडली ठावं हाय? माज्या चुलतभावानं. चांगला माणूस, पर पिऊन बसलता. खेळ कुटं सरला, त्येला कळलंच न्हाय."

मला पट्ट्याची रीत तेव्हा कळली. त्याचं दुसरं टोक घरचंच माणूस धरतं. कुत्र्यानं दोनदा तळवा जमिनीवर आपटला की त्यानं तत्क्षणी पट्टा सैल सोडायचा आणि बाकीच्यांनी मागं सरायचं. पिलेल्याला आपटायचं सुचत नाही.

एवढ्यात मागं हालचाल झाली. आप्पांनी काठी भिंतीला टेकवली होती आणि ते शांतपणे धोतर वर खोचत होते. एक हात भिंतीला लावून ते खाली वाकायलाही लागले. माझी निम्मी तिथंच उतरली. मी त्यांचा दंड धरला आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "मी बसतो. पाया पडतो तुमच्या. ताक पितो, लिंबू चोखतो, काय म्हणाल ते करतो."

"ताकानं काय व्हत न्हाय. उतराया येळच लागतो," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "एक कुत्रं आजारी हाय. दोणी उनं कलल्यावर!"

नैवेद्य झाल्याशिवाय गाव जेवत नव्हतं. त्या दिवशी पोराटोरांपासून सगळ्यांनी मला मराठीत आणि कानडीत ज्या शिव्या घातल्या, त्या पोटभर जेवणासारख्या होत्या. मी लिंबाखाली मान घालून बसलो. आप्पा शेजारी येऊन बसले, पाय लांब करून. 

मग म्हणाले, "मलाबी लाज वाटती."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"दर साली. जात न्हाय ती. तिला संगं घिऊन भुकायचं."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

उनं कलली. म्हाताऱ्यानं पुन्हा हुंगलं आणि मान डोलावली. पट्ट्याचं टोक आप्पांनी धरलं आणि मी हातागुडघ्यांवर आलो. खडे टोचत होते, समोर आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका होत्या, आणि माझं पहिलं भुंकणं शेळीच्या शिंकेसारखं निघालं. हशा झाला. दुसरं बरं निघालं. तिसऱ्याला मला मजा यायला लागली, हे कबूल करतो. दोणीत तोंड घातलं तेव्हा दूध नाकात गेलं. म्हाताऱ्यानं मला खांद्यानं ढकललं, मी त्याला ढकललं, आम्ही दोघे गुरगुरलो. तेवढ्यात कुणीतरी पट्ट्यावर गुडघा टेकला आणि माझा गळा आवळला. श्वास अडकला, पण डोकं जागेवर होतं. मी तळवा आपटला.

दुसऱ्यांदा आपटायच्या आधीच पट्टा सैल झाला. चारही कुत्री मागं सरली. मी मान वळवून पाहिलं, तर माझ्या गळ्याशी पट्टा सैल करायला हात पोचावा म्हणून आप्पा त्याच दुखऱ्या गुडघ्यावर खाली टेकले होते.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. तुमाला?"

 काठी भिंतीपाशी राहिली होती, आणि उठायला त्यांना आधार लागत होता. त्यांनी माझ्या पाठीवर दोन्ही तळवे टेकले आणि सगळा भार दिला. माणसं हसत होती, म्हातारा भुंकत होता. आप्पा सरळ उभे राहीपर्यंत मी चार पायांवरून हललो नाही.