सहा ओळींचं कार्ड

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या नरहरी कापगत्यांचं तोंड जन्मात कधी पोळलं नव्हतं. तरी ते ताक आधी बायकोला प्यायला देत, मग स्वतः पीत. रेल्वे फाटकाशी गाडी निघून गेली तरी सायकल धरून पाच मिनिटं उभे राहत, न जाणो तिच्यामागून दुसरी यायची. गॅसचं बटण झोपण्याआधी तीनदा बघत. वीस वर्षं कारखान्याच्या गेस्ट हाउसात बुकिंग क्लार्क होते. रशियन इंजिनियरपासून दिल्लीच्या अधिकाऱ्यापर्यंत हजारोंना त्यांनी खोल्या दिल्या, पण एकाच्याही डोळ्याला डोळा देऊन बोलले नाहीत. अशा माणसानं एकच खोटं बोलावं आणि तेही साहेबाशी, याला काय म्हणायचं? भित्याच्या हातूनच असली धाडसं होतात.

अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी होता. गेस्ट हाउस ज्यांच्या हाताखाली होतं त्या राघवन साहेबांचा मेहुणा लंडनहून येणार होता. तो दर पत्रात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांच्या बढाया मारायचा. मळ्यातला बंगला, पांढऱ्या चादरी, संध्याकाळी तिथलीच वाइन. साहेबांनी चिडून लिहून टाकलं, की आमच्याकडे नाशिकला हे सगळं आहे, चल दाखवतो. मग त्यांनी नरहरींना बोलावलं.

"नरहरी, तुम तो मराठी है. नासिक तो तुम्हारा घर हुआ. एकदम शाही इंतजाम मांगता."

नरहरींचं गाव भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पलीकडे. पश्चिमेला वर्ध्यापुढे ते कधी गेले नव्हते, तेही बहिणीच्या लग्नाला. नाशिक त्यांना दिल्लीइतकंच परकं. पण भिलाईत मराठी म्हटला की त्याला मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत सगळं ठाऊक असणार, अशी सगळ्यांची समजूत. "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "जी सर."

कारण "नाही" म्हणणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कची बदली साहेबांनी लांब राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीत केली होती. नरहरींची शीला बारावीला होती, हुशार होती. तिला इथंच कॉलेजात घालायचं होतं. कारखान्याचं क्वार्टर गेलं तर पोरीचं कसं व्हायचं?

भिलाईतल्याच सुपेला बाजारात बाबुलाल फळवाला मागल्या मोसमातल्या द्राक्षांच्या पेटीत बटाटे ठेवायचा. पेटीवर नाव-पत्ता छापलेला होता, धोंडबा नावाच्या नाशिककडच्या बागायतदाराचा. नरहरींनी तो उतरवून घेतला आणि पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. बरोबर सहा ओळींचं.

"नरहरराव यांस रामराम. घर मळ्यातच आहे, दोन खोल्या मोकळ्या आहेत. संडास बाहेर, पण पक्का. बंबात पाणी तापवून देऊ. जवळच द्राक्षांची दारू काढतात, बाटली आणून ठेवतो, पैशाचं बोलू नये. साहेब येवोत न येवोत, ओळख नसताना तुम्ही लिहिलंत ती ओळखच झाली, तुम्ही वहिनींना घेऊन जरूर या."

"पढ़ो," साहेब म्हणाले. साहेब मद्रासकडचे, त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती.

नरहरींनी कार्ड धरलं. बाहेरच्या संडासापाशी त्यांची जीभ अडखळली. आणि मग ती अशी सुटली की बस. बंगला झाला, संगमरवरी न्हाणीघर झालं, पोहायचा तलाव झाला, चांदीच्या ट्रेमध्ये वाइन आली. शेवटचा निरोप तेवढा त्यांनी गिळला. घाम कानामागून सदऱ्यात उतरत होता. साहेब खूश होऊन म्हणाले, "वेरी गुड!"

त्या दिवसापासून नरहरींना अन्न गोड लागेना. कारखान्याचा भोंगा वाजला तरी दचकत. टपालाचा शिपाई दिसला की मोरीत जाऊन उभे राहत. शेवटी बायकोनं, कलावतीनं, एका दुपारी त्यांच्या खिशातून कार्ड काढलं, वाचलं आणि सगळं बोलायला लावलं.

"अन् हे शेवटचं? तुमाले बोलावलं हाये ना त्यानं. हे वाचलं साहेबाले?"

"नाही."

"कावून?"

"आपल्याले कोण बोलावते वं," नरहरी म्हणाले. "मले वाटलं, चुकून लिवलं असन."

 कलावतीला नवऱ्याचा राग यायला हवा होता, पण तिला रडूच आलं. "शीलाचे बाबा, सांगून टाका एकदाचं. तिथं गेल्यावर तलाव कुठून आणान? असे रोज मरून राहिले, त्यापरीस एकदा काय व्हायचं ते होऊ द्या."

रविवारी सकाळी नरहरी साहेबांच्या बंगल्यावर गेले. मेहुणा कालच आला होता, आत चहा मांडला जात होता. साहेब बागेत एकटे कप घेऊन उभे होते. नरहरींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तलाव नाही, बंगला नाही, नाशिक मी पाहिलंसुद्धा नाही.

"मालूम है," साहेब म्हणाले. "कार्ड छह लाइन का था. तुमने दस मिनट पढ़ा."



साहेब जवळ सरकले, आवाज खाली आणला. "अभी अंदर आओ और वही पढ़ो, जैसा उस दिन पढ़ा. दो दिन बाद हम बोलेगा बुकिंग कैंसल हो गया. आज मेरा इज्जत रखो." मग आवाज कडक करून म्हणाले, "राजहरा में एक पोस्ट खाली है, याद रखना."

नरहरींनी पहिल्यांदा वर बघितलं. साहेबांच्या हातातला कप बशीवर किणकिणत होता. कपाळावर घाम होता, जानेवारीतल्या सकाळी. तो घाम नरहरी ओळखून होते, जन्मभर पुसत आले होते. एवढा बंगला, एवढी मोटार, आणि हा माणूस बायकोच्या भावाला भितो! वर चढून भीती जात नसेल, तर ती सांभाळून आपण इतकी वर्षं काय मिळवलं? वाईट वाटलं त्यांना, साहेबांचं आणि स्वतःचंही.

आत पाच माणसं बसली होती. मेहुण्यानं पाय लांब केले. "हां भई, सुनाओ."

नरहरींनी कार्ड दोन्ही हातांनी धरलं. ते एकेक ओळ वाचत गेले आणि हिंदीत सांगत गेले. दो कमरे. संडास बाहर, मगर पक्का. मेहुणा फिस्सकन हसला. साहेब भिंतीकडे बघू लागले. पळून जावं असं वाटत असतानाही नरहरी शेवटच्या ओळीपर्यंत आले.

"और लिखा है, साहब आएं या ना आएं, नरहरी, तुम घरवाली को लेके जरूर आना." त्यांनी कार्ड खाली केलं. "बस, सर. इतना ही लिखा है."

साहेबांची मंडळी पुढच्याच आठवड्यात उटीला गेली. नरहरींना कोणी एक शब्द बोललं नाही. ते जास्त वाईट. रोज ते कागदाची वाट बघत आणि मार्चमध्ये तो आलाच. राजहरा खाण, एक मेपासून हजर व्हावे. ज्याच्या भीतीनं इतकी वर्षं माणूस वाकून चालला, तो कागद चार बोटांएवढा होता.

शीलानं तो वाचला आणि म्हणाली, "बाबा, मी सिंधुमावशीकडे राहीन बोरसीला. कॉलेज तिथून जवळच पडेल." झालं! वीस वर्षं रचलेल्या संकटाला पोरीनं दोन वाक्यांत वाट दाखवली.

तिची परीक्षा संपल्यावर नरहरींनी धोंडबाला 'येतो' एवढंच लिहून पत्र टाकलं आणि कधीच घेतली नव्हती ती रजा घेतली. दुर्गला मुंबई मेलमध्ये बसले. वर्धा मागे पडलं तसं त्यांनी कलावतीच्या पदराचं टोक मुठीत धरलं. ते नाशिक रोड येईपर्यंत सोडलं नाही.

फलाटावर पटका बांधलेला एक उंच म्हातारा द्राक्षांची पाटी घेऊन उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्यात तो कुणा सुटाबुटातल्या माणसाला शोधत होता.  हा आपल्याला बघून परत जाईल, अशी नरहरींची खात्रीच होती. तरी ते पुढे झाले.

"धोंडबा का?"

"हो, हो! रामराम." म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं. "साहेब कुठं राहिले?"

"साहेब नाही आले," नरहरी म्हणाले. आवाज कापत होता, पण नजर खाली गेली नाही. "तुमी मले बोलावलं होतं ना. मी आलो."