डाव्या पायाचा ओव्हरटाइम

त्या सोमवारी मी पर्वतीवर निघालो तो नमस्कार करायला नव्हे, देवाला जाब विचारायला. लहानपणी पोलिओनं उजवा पाय नेला, त्याची मी कधी तक्रार केली नव्हती. पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर चढवून शाळा झाली, नोकरी झाली, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर संसारही झाला. आणि साठी उलटल्यावर आता डावा, चांगला पाय लटपटायला लागला! एकदा शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा पकडायचं, हा कुठला न्याय?

आम्हा पोलिओवाल्यांना लहानपणापासून एकच मंत्र दिलेला असतो: चालत राहा, बसलास की संपलास. आईनं तो घोकून घेतला, मास्तरांनी छडी दाखवून घेतला. त्यामुळे पाय थकतोय म्हटल्यावर मी डॉक्टरकडे जायच्या ऐवजी दर सोमवारी पर्वती चढण्याचा नवस बोललो. पाय आणखी थकला. माझ्या अफाट बुद्धीनं निष्कर्ष काढला की भक्ती कमी पडतेय, आणि मी गुरुवारही धरला. बायको म्हणाली, "अहो, देवानं बोलावलंय का तुम्हाला?" मी तिला नास्तिक ठरवून मोकळा झालो.

तर त्या सोमवारी अर्ध्या चढावर डावा पाय गुडघ्यातून सरळ मिटला आणि मी पायरीवर आदळलो. लागलं फारसं नाही. संताप मात्र मस्तकात गेला. त्यात वर पळत जाणारा एक तरुण थांबून म्हणाला, "काका, कम ऑन! जिद्द सोडू नका! तुम्ही इन्स्पिरेशन आहात!" आणि फोटो काढून गेला. हात द्यायचं त्याला सुचलं नाही. वर देव तसा आणि खाली माणसं अशी, म्हणत मी पायऱ्यांवरून बसत, सरकत उतरलो. रांगत्या मुलाला शोभतं ते, मला नाही.

खाली माझ्या स्कूटरशेजारी तशीच चार चाकांची स्कूटर उभी होती. तिच्यावर माझ्याच वयाच्या एक बाई, दोन्ही पायांत कॅलिपर, वर बघून हात जोडून बसलेल्या. माझं उतरणं त्यांनी पाहिलं असावं.

"उजवा पोलिओचा दिसतोय. दुखतोय कुठला?"

"डावा. ऐन वेळी दगा दिला त्यानं."

"दगा?" बाई अशा काही कडाडल्या की त्या शिक्षिका असणार हे मी तिथेच ओळखलं. "अहो, जन्मभर दोघांचं काम त्यानं एकट्यानं ओढलं. म्हातारपणी त्याला विसावा द्यायचा, तर तुम्ही ओव्हरटाइम लावलात? मीही हाच शहाणपणा केला. तेव्हा गेलेली ताकद परत आली नाही. मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे जा आणि पोलिओ झाला होता हे आधी सांगा. आणि दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायला शिका."

मी चिडून विचारलं, "आणि माझं दर्शन?"

"झाडांवरून कळस दिसतोय ना? जोडा हात."

"एवढ्या लांबून?"

"देवाला चष्मा लागलाय असं वाटतं का तुम्हाला?"

मी हात जोडले. जाब विचारायचा होता तो राहूनच गेला. डोळे भरून आले आणि मी बराच वेळ नुसता रडलो. नाक पुसून वळेपर्यंत बाई निघून गेल्या होत्या. पुण्यात राहून मी समोरच्याचं आडनाव विचारलं नाही, याहून मोठा चमत्कार मला ठाऊक नाही.

डॉक्टरांनी बाईंचंच म्हणणं खरं ठरवलं. जुन्या पोलिओची ही उशिरा येणारी तऱ्हा. पूर्ण जात नाही, पण जपलं तर आहे ते टिकतं. बाहेर आता व्हीलचेअर वापरतो. "अरेरे, शेवटी बसलातच!" म्हणणाऱ्यांचा आणि व्हीलचेअर चढेल असा एक फुटपाथ न बांधणाऱ्या या शहराचा मला अजून भयंकर राग येतो, आणि तो मी जाऊ देणार नाही. देवावरचा तेवढा गेला. शरण जायचं म्हणजे हरायचं, अशी माझी समजूत होती. जे उरलंय ते देवाचंच म्हणून सांभाळायचं, एवढाच त्याचा अर्थ निघाला.

सकाळी आंघोळ झाली की देवासमोर खुर्चीवर बसतो. आधी वाकून डाव्या पायाला हात लावतो, तो कपाळाला नेतो, आणि मग निरांजन लावतो.