सासूबाईंना बाहेर काढण्याचा सराव

स्टुटगार्टला आलो तेव्हा पुण्यातली माझी नागरिकशास्त्र शिकवण्याची नोकरी मागे राहिली. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत आणि मी घरात. मग कळलं, एका संग्रहालयाला सुरक्षारक्षक हवेत. दिवसभर दालनात उभं राहायचं, कुणी चित्राला हात लावला की हटकायचं. वर्गात तरी मी दुसरं काय करत होते? पण एजन्सीतल्या बाई म्हणाल्या, "आधी जाखकुंडेप्रूफुंग द्या." म्हणजे सुरक्षारक्षकांची सरकारमान्य परीक्षा, आधी लेखी, मग तोंडी.

क्लासमध्ये सगळे धिप्पाड पुरुष. मी कुर्त्यावर स्वेटर चढवून पहिल्या बाकावर. शिक्षकांनी विचारलं, "गणवेश चढवला की कोणते जादा अधिकार मिळतात?" शेजारच्याने छाती फुगवून झडतीपासून बेड्यांपर्यंत सगळं सांगितलं.

"एकही नाही," शिक्षक म्हणाले. "रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला असतात तेवढेच. वर जागेच्या मालकाने दिला तर, नको त्याला बाहेर जा म्हणायचा हक्क."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हे तर नागरिकशास्त्रच!

लेखी परीक्षा निभावली. तोंडीची मात्र धास्ती होती, कारण घाबरले की माझं जर्मन पळून जातं. तेव्हा सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, मी होते की तुझी आगाऊ पाहुणी!" आणि शाल गुंडाळून सोफ्यावर ठाण मांडलं. मुलगी परीक्षक झाली.

"संग्रहालय बंद झालंय, कृपया बाहेर चला," मी जर्मनमध्ये म्हटलं.

"मी तिकीट काढलंय. हलणार नाही," सासूबाई मराठीत.

मी आवाज चढवला, तर त्यांनी गळाच काढला, "सून घराबाहेर काढतेय हो मला!"

"आजी, नाइन! दास इस्ट अनफेअर!" हे चालणार नाही म्हणून मुलगी जर्मनमध्ये ओरडली.

मला हसू आवरेना. शेवटी शेजारी बसून विचारलं, "आई, पाय दुखतायत का?"

"हो गं, खरंच दुखतायत," म्हणाल्या आणि माझा हात धरून मुकाट उठल्या.

तोंडी परीक्षेत नेमका तसाच प्रश्न आला. दारू प्यायलेला माणूस जागचा उठत नाही, काय कराल? माझ्या आधीचा उमेदवार म्हणाला, "उचलून बाहेर." परीक्षक माझ्याकडे वळले.

"आधी विचारीन, बरं वाटत नाहीये का. मग नीट सांगीन, मग बजावीन. तरी उठला नाही, तर पोलिसांना फोन."

"उचलणार नाही?"

मी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माझ्याच्याने तो उचलला जाईल असं तुम्हाला वाटतं?"

तिघेही परीक्षक हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर," एकजण म्हणाला. मग त्यांनी स्वसंरक्षणाचं कलम विचारलं. ते मी कवितेसारखं घडाघडा म्हटलं आणि पास झाले.

घरी आले तेव्हा सासूबाई व्हिडिओ कॉलवर साऱ्या गोतावळ्याला सांगत होत्या, "सून पोलिसात लागली!"

"अहो आई, पोलिसात नाही. मला कसलेच जादा अधिकार नाहीत."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "मला सांगितलंस ते ठीक. त्यांना कशाला सांगायचं?"