मावशींचं पाणी

पद : प्रयोगशाळा परिचर, वर्ग चार. शिक्षण : आठवी उत्तीर्ण. सेवा : बावीस वर्षे. कर्तव्ये : काचेची उपकरणे धुणे, पुसणे व मोजून ठेवणे, ऊर्ध्वपातित पाणी तयार करणे, प्रयोगाच्या वेळी उपस्थित राहणे व मत व्यक्त न करणे. ओळखखूण : उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. वैज्ञानिक ज्ञान : निरंक. सदर कर्मचाऱ्यास सर्वजण मावशी असे संबोधतात. पाणी किती अंशांना उकळतं, हे शाळेत त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

बाकी सगळ्यांना शंभर माहीत होतं. पुस्तकात शंभर, फळ्यावर शंभर आणि बावीस वर्षांतल्या प्रत्येक वहीत शंभर. पारा मात्र दर वेळी साडेशहाण्णवला येऊन बसायचा आणि खाली कितीही जाळ केला तरी जागचा हलायचा नाही. जुन्या सरांना मावशींनी एकदा तसं सांगितलंही होतं. सर म्हणाले, "मावशी, पेपर तपासणारा काय आपला पारा बघायला येणारे?" सर भला माणूस. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी तापमापीकडे म्हणून पाहिलं नाही.

दर सोमवारी सकाळी मावशी पाणी गाळायच्या. म्हणजे उकळायच्या, वाफ थंड नळीतून न्यायच्या आणि थेंब थेंब बाटलीत धरायच्या. पहिली वाटीभर धार फेकून द्यायच्या, कारण नळीत काल कोण होतं ते सांगता येत नाही. तळाशी उरलेला पांढरा थर मुलांना दाखवून म्हणायच्या, "बघा, हे रोज पिता तुम्ही. पाणी भोळं असतं. ज्याच्या घरी जाईल त्याचं थोडंथोडं अंगाला लावून घेतं. आमचं तेवढं कोऱ्या अंगाचं." त्या बाटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मुख्याध्यापकांनीही नाही.

आणि मग नव्या मॅडम आल्या. तरुण, काटेकोर, समुद्रकाठच्या शहरातून बदलून आलेल्या. त्यांनी पहिल्याच प्रात्यक्षिकात एक अभूतपूर्व गोष्ट केली : तापमापी वाचली. दुसरी लावली, तिसरी लावली. तिन्ही साडेशहाण्णव.

"मावशी, पाणी कुठलं आहे हे?"

"आपलं. सोमवारचं."

"शुद्ध पाणी शंभरला उकळतं."

"आपलं नाही उकळत."

हे 'आपलं नाही उकळत' मॅडमना कबुलीजबाबासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. ऊर्ध्वपातित म्हणून साधे पाणी पुरवल्याचा संशय. खुलासा आठ दिवसांत. अन्यथा सेवापुस्तकात नोंद.

मावशींचे यजमान शिंपी. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "म्हणून टाक ना, नळाचं होतं. फाशी देणारेत का?"

"अहो, उद्या कुणी म्हणालं तुमची शिवण कच्ची, तर ऐकून घ्याल?"

"ते वेगळं."

"हो ना. ते तुमचं आहे."



मावशींनी मधल्या सुट्टीत चौकशी समिती बसवली, सदस्य एक. पहिला संशय तापमापीवर. ठेचलेल्या बर्फात खुपसली. पारा बरोबर शून्यावर. म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. मग पाण्यावर. पाण्यात काही मिसळलं तर उकळी लांबते, हे त्यांनी कपाटामागे उभं राहून बावीस वेळा ऐकलं होतं. उकळत्या पाण्यात दोन चमचे मीठ टाकलं, तसा पारा अर्धा अंश वर सरकला. म्हणजे घाण असती तर आकडा वाढला असता. इथे तर तो कमी. पाणी सुटलं. पण मग धरायचं कुणाला?

रात्रीचं जेवण चाललेलं असताना धाकट्या बहिणीचा फोन आला. तीही समुद्रकाठी राहणारी.

"काय करतेस, ताई?"

"बटाटे उकडलेत. अजून कच्चेच."

"तुझे बटाटे कायमच कच्चे. माझ्याकडे बघ कसे पटकन होतात. हातगुण असतो एकेकाचा."

हा हातगुण मावशी पंधरा वर्षं ऐकून घेत होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी घास खाली ठेवला.

शनिवारी दुपारी त्या बसने सहा तासांवरच्या बहिणीकडे गेल्या. पिशवीत सोमवारची बाटली होती आणि मोज्यात गुंडाळलेली तापमापी, रीतसर नोंदवहीत सही करून घेतलेली. बहिणीने दार उघडताच विचारलं, "मला काय आणलंस?"

"पाणी."

"इथे समुद्र आहे, ताई."

बहिणीच्या गॅसवर मावशींनी आपलं पाणी ठेवलं. शहाण्णव झालं, साडेशहाण्णव झालं, आणि पारा वर चढतच राहिला. शंभरला येऊन थांबला. मावशींनी ओट्याला टेकून आकडा पुन्हा वाचला.

"पाणीच उकळायचं होतं तर एवढा प्रवास कशाला?" बहीण म्हणाली.

"हातगुण बघायला आले होते."

सोमवारी खुलासा गेला. तो असा : "माझ्या पाण्यास बर्फ, मीठ व सख्खी बहीण असे तीन साक्षीदार आहेत. तेच पाणी, तीच तापमापी. शाळेत साडेशहाण्णव, समुद्राजवळ शंभर. तरी दोष पाण्याचा नसून जागेचा आहे. जागा मी निवडलेली नाही."

मॅडमनी तो एकदा उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"मावशी, हे गाव किती उंचावर आहे?"

"उंचावर कुठलं? चांगलं सपाट आहे की."

मॅडमनी भिंतीवरचा नकाशा गाठला, रंग पाहिला, कोपऱ्यातला उंचीचा तक्ता पाहिला. समुद्रसपाटीपासून हजार मीटर आणि वर थोडे. चढ इतका सावकाश की गावाला कधी कळलाच नव्हता.

"उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी. पाण्याला उकळायला तेवढं तापावंच लागत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "तीन वर्षं शिकवतेय मी हे."

"मग?"

"मग काय. नुसतं शिकवत होते."

मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. मॅडम बसल्या.

पुढच्या प्रात्यक्षिकाला एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पुस्तकात शंभर आहे."

"पुस्तक समुद्रकाठी बसून लिहिलंय. आपण इथे आहोत. पाऱ्याकडे बघ आणि लिही."

छत्तीस वह्यांत साडेशहाण्णव आलं. दोन वह्यांत शंभर होतं. ते दोघे खिडकीबाहेर बघत होते.

नोटीस रद्द झाल्याचा कागद शुक्रवारी आला. शेऱ्याच्या रकान्यात मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं : पाणी निर्दोष. मावशींनी ते दोनदा वाचलं, कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि परीक्षानळ्या विसळायला घेतल्या.