थांब की बा

दिवसभर रिळ खात्यात उभं राहून सूत गुंडाळायचं आणि दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या फाटकाशी बसून लेकीला पाजायचं, असे ते माझे दिवस होते. पोर अजून मान धरत नव्हती. सासूबाई तिला पदराखाली घेऊन रस्त्यापलीकडच्या चाळीतून यायच्या. आम्हाला फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नसत, त्यामुळे रस्ता ओलांडायचा तो त्यांनीच. टांगे, कापसाच्या गाड्या, त्यात बार्शीला उतारू नेणाऱ्या नव्या सर्व्हिस मोटारी. सासूबाई फाटकाशी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

आम्ही बायकांनी मुकादमिणीमागे भुणभुण लावली, तिनं साहेबामागे, आणि बऱ्याच दिवसांनी चौकात एक पोलीस उभा राहिला. रस्त्यावर चुन्याचे दोन पट्टे ओढले. लोकांनी त्यांच्यामधूनच जायचं. मला वाटलं, सुटले एकदाची.

पोलीस माढ्याकडचा, स्वभावानं गरीब. दर वाक्याला 'बा' जोडायची त्याला खोड. "थांब की बा." "दमानं बा." बाईमाणूस असो नाहीतर बैल, सगळ्यांना 'बा'. आणि सासूबाई अक्कलकोटच्या पलीकडच्या, त्यांना कानडीखेरीज काही कळत नव्हतं. कानडीत 'बा' म्हणजे ये.

एका दुपारी तो हातानं मोटारीला बोलावत होता आणि तोंडानं सासूबाईंना सांगत होता, "आज्जे, थांब की बा." सासूबाई चुन्याच्या पट्ट्यांमधून अगदी शहाण्यासारख्या चालत मोटारीपुढे आल्या. ड्रायव्हरनं मोटार कशीबशी वळवली. पोरीला छातीशी धरून त्या मनगटावर पडल्या. पोरीला खरचटलंही नाही. मी फाटकाच्या गजांतून सगळं बघत होते.

"बा अंद, बंदे," सासूबाई सांगत राहिल्या. ये म्हणाला, आले.

मनगटाचं हाड मोडलं होतं. नवरा माझ्याच पाळीला, घरात दुसरं कोणी नाही. पोरीला घेऊन रस्ता ओलांडायला शेजारीण धजेना, ती घरीच तिला शेळीचं दूध पाजू लागली. दुपारी मी भिंतीकडे तोंड करून दूध पिळून टाकायची. इतकी दमलेली असायची की रडूही येत नसे. राग होता, पण काढायचा कुणावर?

शेवटी गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी चौकात गेले आणि पोलिसाला 'बा'चा अर्थ सांगितला. "मला कुटं ठाव, बाई," म्हणाला. मग कानडीत 'थांबा' कसं म्हणतात ते त्यानं विचारून घेतलं. पुढे जाता-येता ऐकू यायचं, "अव्वा, निल्लरी." त्याच्या तोंडात तो शब्द वेडावाकडा व्हायचा, तरी बायका थांबायच्या.

सासूबाईंचा हात बरा व्हायला पुष्कळ दिवस लागले. त्यानंतर एकदा सकाळी त्यानं मला हाक मारली.

"आता आज्जीला बिनघोर येऊ द्या की, बाई. मी गाड्या धरतो न्हवं. लेकराला दुपारचं उपाशी कशाला ठेवता?"

बिचारा चांगल्या मनानं विचारत होता. माझ्यात त्याच्यावर चिडायचंही त्राण नव्हतं.

"लेकरू उपाशी नाही," मी म्हटलं. "माझं दूध आटलं."