सातवा येईपर्यंत

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या मागं एक पत्र्याचं दार होतं. पोरं त्यावर फुटबॉल मारायची. धाड्! लहानपणी ऐकलेला तो आवाज पुन्हा कानावर पडला तो थेट जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या या गावात. मुलाकडं, अभिजितकडं, मी नुकताच राहायला आलो होतो. आवाजाच्या मागोमाग गेलो, तर गावच्या क्लबचं मैदान! तेव्हापासून गोलामागचा बाक माझा. बोलतो कमी आणि बसतो पुष्कळ. अशा माणसाजवळ किस्से साठत जातात. मधूनमधून कुणाला तरी सांगून जागा मोकळी करावी लागते.

*

क्लब अगदी खालच्या लीगमधला. इंग्रिडबाई तिथलं स्वयंपाकघर सांभाळतात. त्या सांगतात, क्लब निघाला तेव्हा एकाही शेतकऱ्यानं सपाट जमीन दिली नाही. मिळाली ती उतारावरची. आजही एक संघ चढावर धावतो, दुसरा उतारावर.

एकदा पाहुण्या संघाचा कोच तणतणत आला. "हे मैदान आहे की डोंगर?"

इंग्रिडबाई सॉसेज उलटत म्हणाल्या, "मध्यंतरापर्यंत डोंगर. मग मैदान!"

*

गवताची निगा हॉर्स्ट राखतो. माझ्याच वयाचा. खेळाडू दिसले की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. सराव तर तो शेजारच्या मुरमावरच करायला लावतो.

एका ओल्या रविवारी रेफरी म्हणाला, "खेळता येईल."

हॉर्स्ट फाटक अडवून उभा. "गवताला सोसणार नाही."

"अहो, पण मैदान खेळण्यासाठीच आहे ना?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! आठवडाभर मी यावर कुणाला पाय ठेवू देत नाही. आता रविवारी तरी त्याला विश्रांती नको?"

*

अभिजित पहिल्यांदा खेळला त्या दिवशी मध्यंतरात माझा डोळा लागला. जाग आली ती ओरड्यानं. बघतो तर पोरानं गोल मारलेला! मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे झोपेत विसरलो. दुसऱ्या दिवशी सूनबाईला पेढे करायला लावले आणि क्लबात वाटले.

अभिजित लालबुंद. "बाबा, अहो, तो आपल्याच गोलात गेला होता!"

पण इथली रीत अशी, की स्वतःच्या गोलात मारणाऱ्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. लोकांना वाटलं, पेढे त्याबदलीच आलेत. हॉर्स्टनं दुसरा पेढा तोंडात टाकला आणि अभिजितला म्हणाला, "पुढच्या रविवारीही तिकडंच मार!"

*

मग गेल्या हंगामाचा शेवट. माणसं जमली नाहीत म्हणून दोन सामने सोडावे लागले होते. तिसऱ्यांदा तसं झालं तर लीगमधून नाव कटणार आणि क्लबला कुलूप लागणार. मैदानात उतरायला निदान सात खेळाडू लागतात. आमचे सहा. सातवा अभिजित. तो बर्लिनहून निघालेला, आणि गाडी लेट! जर्मनीतल्या गाड्या वेळेवर येतात, असं मला कोल्हापुरात सांगितलं होतं!

रेफरी घड्याळ बघायला लागला. पाहुण्यांना न खेळता पूर्ण गुण मिळणार होते. त्यांचा दाढीवाला कॅप्टन आमच्या गोलाकडं आला आणि म्हणाला, "जाळी सुटलीय. आधी बांधा."

रेफरीनं मान डोलावली. हॉर्स्टनं सुतळी आणून गाठ मारली.

"इथंही सुटलीय."

हॉर्स्टनं तिथंही मारली.

"आणि ही बघा!"

हॉर्स्ट भडकला. "हा खेळायला आलाय की जाळी तपासायला?"

मी मागच्या बाकावर. तिथून मला सगळं दिसत होतं. हॉर्स्ट पुढं सरकला, की कॅप्टन जाळीला पाठ लावून उभा राहायचा आणि पाठीमागच्या हातानं नुकतीच मारलेली गाठ सोडायचा!

इंग्रिडबाई हातातला चिमटा तसाच धरून रस्त्याकडं बघत होत्या. इतक्यात त्याच ओरडल्या, "आला!" खांद्यावर बॅग घेऊन अभिजित धावत येत होता.

कॅप्टननं हात पुढं घेतले आणि हॉर्स्टला म्हणाला, "जा, आता जाळी ठीक आहे."

आम्ही सपाटून हरलो. आणि हरलेलेच एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते! कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

कॅप्टन पायरीवर एकटाच बूट काढत बसला होता. पावात सॉसेज घालून मी त्याच्याकडं नेलं. मला जर्मन समजतं बरंच, बोलता येतात चारच शब्द. त्यातला एक वापरला.

"वारूम?" म्हणजे, का?

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पाव घेतला, बॅग खांद्याला लावली, नाचणाऱ्या आमच्या पोरांकडं बोट केलं आणि चालायला लागला.