कातळावरची गर्दी

सूर्य समुद्रात उतरत होता आणि कातळावरची सात-आठ माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी होती. प्रत्येकाच्या कानाला फोन. एक आजी ओरडून विचारत होत्या, “दुपारी जेवलास का रे? आणि खोकला?” टॉवर डोंगरापलीकडे; अख्ख्या वाडीत रेंज मिळते ती एवढ्या कातळावर.

मोबाइल कुठे कुठे फिरतात त्यावरून पर्यटकांच्या आवडत्या जागा शोधणं, हे माझं काम. रोज संध्याकाळी इथे जमणारे ठिपके मी ऑफिसातल्या नकाशावर पाहिले होते आणि अहवालात बिनधास्त लिहिलं होतं : ‘सूर्यास्त पाहण्याची लोकप्रिय जागा. कुंपण घालून तिकीट लावावं.’ अहवाल मंजूरही झाला. माणसं कुठे जातात ते मला कळत होतं. का जातात, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

माझ्या हातातला फोन बघून आजींनी बोलणं आवरतं घेतलं. “ये बाबा, इथे उभा राहा,” त्या बाजूला सरकल्या. “घरचे वाट बघत असतील.”

मी त्यांच्या जागेवर उभा राहिलो. बंद फोन कानाला लावून उगाच हं, हं करत राहिलो.